शेडातलं दही

गांगुर्डे डॉक्टर कोणाच्याही दारात आले की आधी जनावर बघायचे आणि मग दही. "मावशी, घरचं दही दाखवा जरा," असं ते इतक्या दमलेल्या आवाजात म्हणायचे की हे काम त्यांच्यावर कोणीतरी लादलंय असं वाटावं. वाटीत दही आलं की ती उजेडाकडे धरून तिरकी करायची, वास घ्यायचा, चमचा बुडवून वर उचलायचा आणि मागे तार येते का ते बघायचं. तार आली की ते नकारार्थी मान हलवायचे. तार नसली तर थोडंसं तळहातावर घेऊन चाटायचे. मग वाटी स्वतःच विसळून पालथी ठेवायचे. गावात त्यांचं नाव 'दहीखाऊ डॉक्टर' पडलं होतं. गुरांच्या डॉक्टरला पगार तो काय, म्हणून बिचारा दारोदार दही चाटत हिंडतो, असंही काही जणांचं मत होतं.

मी लग्न होऊन निफाडजवळच्या या गावात आले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. माहेर नाशिक शहरातलं, नोकरी गावातल्याच शाळेत. सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे, सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. द्राक्षं, कांदा, ऊस, दोन म्हशी, विहीर, हे सगळं नानांचं होतं. विहिरीपलीकडचं कोंबड्यांचं शेड तेवढं आत्याबाईंचं. कुठल्याशा सरकारी योजनेत ते मिळालं होतं, आणि कोंबड्या म्हणजे बायकी काम म्हणून नानांनी तिकडे पाठ फिरवली होती. त्यांच्या त्या पाठ फिरवण्यातूनच आत्याबाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं असं काही मिळालं. अंड्यांचे पैसे त्या कंबरेच्या पिशवीत ठेवायच्या आणि बांगड्या भरायच्या असल्या तर आता कोणाला विचारायच्या नाहीत. घरातल्या माणसांशी खेकसून बोलणारी ही बाई शेडात गेली की कोंबड्यांशी इतक्या मऊ आवाजात बोलायची की मला त्या कोंबड्यांचा हेवा वाटायचा.

डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शेडाच्या दारात, खाद्याची बादली पालथी घालून तिच्यावर बसलेले. उंच, किंचित वाकलेले, खिशाला थर्मामीटर, पायांत धुळीने पांढरे पडलेले बूट. नाशिकहून एस्टीने निफाडला यायचं आणि दवाखान्यातली सरकारी सायकल घेऊन गावोगाव हिंडायचं, असा त्यांचा दिवस. ओट्यावर या असं कोणी म्हणायच्या आत ते बादली ओढायचे. "पाठ दुखते हो, उंच बसवत नाही," असं सांगायचे. पाठीला काही झालेलं नव्हतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ओट्यावर बोलवावं की न बोलवावं, हा पेच ते यजमानासमोर उभाच राहू देत नसत. तेही एक कामच होतं, आणि त्याचा थकवा त्यांच्या खांद्यांवर दिसायचा.

शेडाच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात डॉक्टरांचा कप असायचा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. आत्याबाई किटली घेऊन यायच्या आणि वरून चहा ओतायच्या. पिऊन झालं की डॉक्टर रांजणाजवळ जाऊन कप विसळायचे आणि कोनाड्यात पालथा घालायचे. डॉक्टर बौद्ध होते, नाशिकमधल्या एका वसाहतीत राहायचे. आमच्या घरात हे मोठ्याने कधी कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, कप होता. आणि दही बघायला मागितलं की वाटीतून बाहेर यायचं, भांडं आतच राहायचं.

तरी आत्याबाईंचा डॉक्टरांवर विश्वास होता, आणि तो आंधळा होता. डॉक्टर बोलतील ते त्यांच्यासाठी देवाचं वाक्य. शेडाच्या दारात चुना टाका म्हटलं की चुना पडायचा. घोटीहून आणलेलं भाताचं तूस उन्हात वाळवल्याशिवाय खाली अंथरायचं नाही म्हटलं की त्या दिवसभर तूस उलथत बसायच्या. त्यात सगळ्यात कडक नियम लाल पाण्याचा. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू लाल औषधाच्या, म्हणजे पोटॅशच्या खड्यांच्या पाण्यातून काढल्याशिवाय शेडात न्यायची नाही, भांडं असो की चप्पल. पिलांच्या पिण्याच्या पाण्यातही तेच, गुलाबी दिसेल इतकं. एकदा मी शेडाच्या सावलीत मुलांच्या वह्या तपासायला बसले, तर आत्याबाईंनी माझ्या वह्यांवरही लाल पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं एकमेकांना विचारत होती, बाईंचं नाक फुटलं का म्हणून.

हे ऐकून डॉक्टर हसले होते. ते हसायचेही दमूनच, खांदे एकदा हलले की संपलं. म्हणाले, "मावशींसारखा एक माणूस दर गावात असता तर मी घरी झोपून राहिलो असतो."

काहीही नवीन औषध देताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "जगलं तर मावशींचं, मेलं तर माझं." गाय असो, बैल असो की पिलांची अख्खी खेप असो. दुसऱ्या गावात गेले की मावशींच्या जागी तिथल्या माणसाचं नाव, बाकी वाक्य तेच. लोक हसायचे. कोणाला ते खरं वाटलं नसेल.

मग पांढरी हगवण आली. पिलं पुण्याच्या बाजूने यायची, पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या खोक्यातून, एक दिवसाची. खोकं उघडलं की आत पिवळा कलकलाट. आठवड्याच्या आत त्यातली निम्मी उबेसाठी लावलेल्या दिव्याखाली पंख ओघळून गोळा व्हायची, डोळे मिटायची, मागे पांढरं चिकटून वाळलेलं. सकाळी आत्याबाई टोपली घेऊन आत जायच्या आणि भरून बाहेर आणायच्या. बाजारात एक पिवळी पावडर मिळायची, ती पाण्यातून दिली की पूर्वी हगवण थांबायची. आता थांबेना. दुप्पट दिली तरी थांबेना. लागोपाठ दोन खेपा अशा गेल्या.

नाना ओट्यावरूनच म्हणाले, "आता एकच खेप. ती गेली तं शेडात कांदा भरायचा. चाळ बांधायचा खर्च तरी वाचंल."

त्या दिवशी आत्याबाईंनी भाकरी इतक्या जोरजोराने थापल्या की परातीचा आवाज विहिरीपर्यंत गेला असेल.

डॉक्टरांनी मेलेलं एक पिल्लू चिरून पाहिलं, हात धुतले आणि बादलीवर बसून राहिले. मी शाळेतून येत होते, मला पाहून म्हणाले, "बाई, वीस वर्षं मी नुसतं मारतोय. जंतू मारा, गोचीड मारा, जंत मारा. आपण मारतो आणि ते शिकतात. मला आता मारायचा कंटाळा आलाय."

"मंग काय करायचं?" आत्याबाईंनी विचारलं. "हात जोडायचे का त्यांना?"

"कोणाला तरी वसवायचं," डॉक्टर म्हणाले.

आणि मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते माझ्या अजून डोक्यात आहे, कारण इतकं सोपं करून सांगणारा माणूस मला शिक्षकांमध्येही क्वचितच भेटला. म्हणाले, "मावशी, पिल्लाचं पोट म्हणजे डेपोतून निघालेली रिकामी एस्टी. ज्याचा रुमाल खिडकीतून आधी पडेल त्याची सीट. तुमची गावठी कोंबडी उकिरड्यावर पिलं घेऊन फिरते, तिच्या मागं टिपता टिपता पिलांना तिच्या पोटातले चांगले जंतू मिळतात. गाडी भरली. रोग आला तरी त्याला उभं राहायला जागा नाही. ही मशीनची पिलं. यांना आई नाही. गाडी रिकामी. वर आपण त्यांना लाल पाणी पाजून ती आणखी रिकामी करतो. मग पहिला रुमाल रोगाचाच पडतो."

परदेशात पूर्ण वाढलेल्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातलंच काढून पिलांना पाजून पाहिलंय, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. "शी! लेकरांना गू चारू व्हय मी?"

"नका चारू. आपण दह्यापासून सुरुवात करू. दह्यातले जंतू तिथं कायमचे राहत नाहीत, पाहुणे असतात, म्हणून रोज द्यावं लागेल. पण पाहुणे असले तरी सीट अडवून धरतात." मग म्हणाले, "होईलच असं नाही. बघू."

दारोदार दही चाटत हिंडणारा माणूस इतकी वर्षं काय शोधत होता, ते त्या दिवशी आमच्या लक्षात आलं.

अडचण एकच होती. आमच्या घरात दही नव्हतं. दुभत्या म्हशीला दगडी झाली होती, कास दगडासारखी कडक, आणि डॉक्टरांनीच तिच्या सडांत औषध सोडलं होतं. त्या औषधाच्या दुधाला विरजण लागत नाही. चार-सहा वेळा नासवून आत्याबाईंचं जुनं विरजण संपलं, आणि त्या वर्षी उन्हाळा असा होता की गावभरच्या दह्याला तार सुटलेली. डॉक्टरांनी एकेक वाटी बघून मान हलवली. मग म्हणाले, "विरजण मी आणतो. आमच्या घरचं बरं असतं. शेजारच्या गायीचं दूध घ्या, त्यात लावा. शेडातच वेगळं भांडं ठेवा."

'शेडातच' हा शब्द त्यांनी आपण होऊन घातला होता.

खोकं आलं त्या सकाळी डॉक्टर पहिल्या एस्टीने आले. मांडीवर स्टीलचा डबा धरून, हिंदकळू नये म्हणून वर फडकं बांधून. सुमनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, लावलेलं दही. घट्ट, सुरीने कापावं असं. पिलांना पहिलं पाणी पाजायच्या आधी त्यांनी स्वतः एकेकाची चोच ताकात बुडवली. थोडं विरजण काढून आत्याबाईंच्या हवाली केलं, रोज कसं लावायचं, कसं घुसळून द्यायचं ते सांगितलं, आणि पेठच्या बाजूला कसलीशी साथ होती म्हणून तिकडे गेले.

दोन दिवस बरे गेले. मग पिलं पुन्हा दिव्याखाली गोळा व्हायला लागली.

डॉक्टर परत आले ते सरळ शेडात गेले. मी दारातच होते. त्यांनी ताकाची थाळी उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. ताक तपकिरी झालं होतं, चहा सांडल्यासारखं, आणि थाळीच्या कडेला तपकिरी वर्तुळ वाळलं होतं.

"मावशी," त्यांनी हळूच विचारलं, "ताकात लाल औषध घातलं?"

"घातलं ना," आत्याबाई म्हणाल्या. "इरजणात बी घातलं, दोन खडे. तुमीच सांगितलेलं, भाईरून आलेलं काई बी लाल पान्यातून काढल्याबिगर शेडात न्यायचं नाय."

खरं होतं. त्यांनीच सांगितलं होतं, वर्षानुवर्षं. जंतू मारायला शिकवलेल्या बाईने जंतू मारले होते. पण आत्याबाईंची नजर बोलता बोलता खाली गेली, आणि ते डॉक्टरांनीही पाहिलं आणि मीही. त्या दह्यावर दोन खडे पडले त्यात एक खडा डॉक्टरांच्या नियमाचा होता. दुसरा कसला होता ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्या दह्याचं घर कुठलं होतं, तेच आत्याबाईंनी धुऊन काढायचा प्रयत्न केला होता. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथून हलले.

डॉक्टरांनी थाळी उकिरड्यावर ओतली. पुन्हा डबा मागवला, उरलेल्या पिलांना चांगलं ताक सुरू केलं, पण त्यांनी आधीच सांगून टाकलं की सीटवर बसलेल्याला उठवणं फार अवघड असतं. तसंच झालं. टोपली भरतच राहिली.

शेवटी नाना शेडापर्यंत आले. ते तिकडे यायचे नाहीत, त्या दिवशी आले. "डाक्टर, गुरांचं तुम्ही बघा, ते तुम्हाला जमतं. पन दह्याच्या नादी लागून माझी पिलं मारली तुम्ही. आतापस्तोर कोनी असलं काई केल्यालं ऐकलं नाय. उद्या कांदा यील, शेड रिकामं करा."

आत्याबाई मागेच उभ्या होत्या, हातात तीच थाळी, घासलेली, पण कडेचा डाग काही गेला नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. मावशींनी ताकात औषध घातलं, एवढंच. नाना सगळं आत्याबाईंवर काढून मोकळे झाले असते आणि डॉक्टर सुटले असते.

डॉक्टर म्हणाले, "हो नाना. माझ्या हातून चुकलं. माझ्या सांगण्यातच घोळ होता." आणि मग, कधी कोणाकडे काही न मागणारा तो माणूस म्हणाला, "एक खेप द्या मला. मी रजा टाकतो, रोज येतो. जगली तर मावशींची, मेली तर माझी."

नाना तंबाखू मळत राहिले. त्यांची दुसरी म्हैस मागे याच माणसाने वाचवली होती, तेही आठवत असणार. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याबाई पुढे झाल्या. नानांसमोर पदर सावरल्याशिवाय त्या उभ्या राहायच्या नाहीत, त्या दिवशी तशाच, ओरडल्यासारखं बोलल्या.

"मेली तं अर्धी माझी बी. शेड माझं हाय. कांदा तुमच्या डोक्यावर ठिवा."

नाना काही न बोलता निघून गेले. घरात नानांचं 'हो' हे असंच असायचं.

डॉक्टरांनी हक्काची रजा टाकली. ती त्यांनी मुलीच्या लग्नासाठी साठवून ठेवली होती, असं सुमनवहिनींनी मला पुढे सांगितलं. रोज पहिल्या एस्टीने यायचे, मांडीवर डबा. पिलांच्या पाण्यातलं लाल औषध बंद झालं. आत्याबाईंना ते फार जड गेलं. साधं पाणी ओतायची वेळ आली की त्या तांब्या थाळीवर तसाच धरून ठेवायच्या, आणि डॉक्टर शेजारी बसून म्हणायचे, "ओता मावशी, काही होत नाही." ताक मात्र त्या न अडखळता ओतायच्या. दुपारी त्या भाकरी घेऊन यायच्या आणि दोघंही शेडाच्या सावलीत बसायचे, ते बादलीवर, त्या खाली. बोलणं फार नसायचं. दोघंही थकलेले, आणि थकलेल्या माणसांचं एकमेकांशी बरं जमतं.

पिलं जगली. सगळी नाही. डॉक्टरांनी पहिल्यापासूनच सांगितलं होतं की सगळी जगणार नाहीत. पण टोपली रिकामी बाहेर यायला लागली आणि एका सकाळी पिलं थाळीवर अशी तुटून पडली की आत्याबाई मोठ्याने हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. नानांनी कांद्यासाठी बांधावर वेगळी चाळ बांधली आणि वर्षभर त्या चाळीच्या खर्चाबद्दल सगळ्यांना ऐकवलं.

डॉक्टरांनी या सगळ्याचा अहवाल वर पाठवला. काही महिन्यांनी उत्तर आलं की दह्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा त्याचा खुलासा करावा. ते त्यांनी आम्हाला बादलीवर बसून सांगितलं, खांदे एकदा हलले, आणि पुन्हा कधी त्यांनी अहवाल पाठवला नाही. गावोगाव मात्र सांगत राहिले. कोणी ऐकलं, कोणी पिवळी पावडर आणखी वाढवली.

त्यानंतरची गोष्ट. म्हैस बरी झाली, दूध स्वच्छ यायला लागलं. घरात विरजण नव्हतं. सुनेच्या नात्याने मी विचारलं, कोणाकडून आणू? आत्याबाई म्हणाल्या, "आनते मी." आणि वाटी घेऊन विहिरीपलीकडे शेडाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा वाटीवर पदर होता. माझ्याकडे न बघता त्यांनी दूध कोमट केलं, हाताने ढवळलं, आणि भांडं फडताळात आत, देवाच्या भांड्यांशेजारी ठेवलं. मी काही विचारलं असतं तर त्यांनी मलाच झापलं असतं.

पुढच्या खेपेला डॉक्टर आले आणि सवयीने म्हणाले, "मावशी, घरचं दही दाखवा जरा." आत्याबाई आतून वाटी आणतील म्हणून मी बघत होते. त्या अख्खं भांडं घेऊन आल्या आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या. बघा जमलंय का."

डॉक्टरांनी भांड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. चमचा बुडवला, उचलला. तार नव्हती. तळहातावर घेऊन चाखलं, आणि पुन्हा एकदा चाखलं.

"ओळखीचं लागतंय," एवढंच म्हणाले.

"असंल," आत्याबाई म्हणाल्या. "खावा गुमान."

कोनाड्यातला कप पुढे लाल औषध मोजायच्या कामी आला, आणि डॉक्टरांचा चहा घरातल्या कपातून यायला लागला. आत्याबाई बदलल्या असं मी म्हणणार नाही. गावात दुसऱ्या कोणाच्या बाबतीत त्यांनी रांजणाजवळची रेघ पुसलेली मला दिसली नाही. डॉक्टरांपुरतीच ती पुसली गेली, आणि तीही दोघांनी एकमेकांना काही न सांगता. यावर पुष्कळ बोलता येईल, पण मला आता बोलायचा उत्साह नाही. जे पाहिलं ते सांगते.

काही वर्षांनी त्यांची पेठला बदली झाली. डोंगर, चढ, जीप कायम बंद. अधूनमधून भेटायचे तेव्हा आणखी वाकलेले दिसायचे. "बघू," म्हणायचे. आमच्या शेडात पिलं येत राहिली, ताक जात राहिलं. घरातलं दही आणि शेडातलं दही आता एकाच भांड्यातून लागायचं. ऐंशीच्या दशकात मोठ्या कंपन्यांची शेडं उभी राहिली, आत्याबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि शेवटी शेडात कांदाच भरला गेला. तोवर नाना नव्हते. कांदा भरताना आत्याबाईंनी दारातला चुना मात्र झाडू दिला नाही.

डॉक्टर निवृत्तीला वर्षभर असतानाच गेले. यकृताचं काहीतरी निघालं. नाशिकला दवाखान्यात बरेच दिवस होते. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी मी निघाले, तर आत्याबाई दारात तयार. नऊवारी बदललेली, हातात फडकं बांधलेला स्टीलचा डबा. मयताच्या घरी असं दही घेऊन जात नाहीत, मी सांगायला गेले. "मला नको शिकवू," म्हणाल्या. एस्टीत डबा मांडीवर धरून बसल्या, दोन्ही हातांनी, वळणावर स्वतः कलंडल्या पण डबा नाही.

वसाहतीतलं ते घर लहान होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली डॉक्टरांचा फोटो, त्यातही ते दमलेलेच. लोक येऊन गेले होते. सुमनवहिनींना आत्याबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. तरी सरळ जाऊन त्यांच्याशेजारी बसल्या आणि डबा पुढे केला.

"घे बाई. तुझंच हाय."

सुमनवहिनींनी फडकं सोडलं. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्याच्या धावपळीत दूधच आणलं नाही घरात. आमचं विरजण गेलं." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "शेडातलं का हे? ते सांगायचे."

"न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "शेड कवाच गेलं. घरातलं हाय. गोकुळअष्टमीला देवापुढं ठिवते ते." मग फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "इतकी वर्सं ठिवते."

सुमनवहिनी रडल्या नाहीत. बहुतेक रडून झालं होतं. त्यांनी उठून चहा केला, तिघींसाठी, सारख्या कपांत. आत्याबाईंनी बशीत ओतून सगळा प्यायला. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत उठल्या आणि कप घेऊन मोरीकडे निघाल्या. डॉक्टर आमच्याकडे रांजणाजवळ जायचे, अगदी तशाच.

सुमनवहिनींनी पुढे होऊन त्यांच्या हातातून कप काढून घेतला.

"राहू द्या मावशी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पाहुण्यांनी कप विसळायचा नसतो."